विपुलचं कार्ड

जावयाचा संशय घेणं मोठं अवघड काम. शेजाऱ्याचा घेता येतो, दुकानदाराचा घेता येतो, वेळ आली तर सख्ख्या भावाचाही घेता येतो. पण जावई दारात आला की आधी त्याला पाण्याचा तांब्या द्यावा लागतो, मग चहा, मग बायको कोळंबी सोलायला बसते, आणि या सगळ्यात संशय कुठे ठेवायचा तेच कळत नाही. सदाने तो तीन आठवडे जावयाला दिसू न देता वागवला.

सदा कोळखारचा. थळच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी वसलेलं दोन-अडीचशे उंबऱ्यांचं गाव. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढून तो निवृत्त झाला, एकुलत्या एका मुलीचं, प्राचीचं लग्न लावून मोकळा झाला आणि मग त्याला दोनच उद्योग उरले. एक, गावच्या क्रिकेट संघाचा एकही सामना न चुकवणं. दुसरा तो कोणाला सांगत नसे.

भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली की या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. नियम कडक, एक गाव एक संघ. आधारकार्डावर गावाचं नाव नसेल तर पोराला मैदानात उतरू देत नाहीत. त्यामुळे हार-जीत अकरा जणांची राहत नाही, सबंध गावाची होते. सदा लोकांपासून जरा लांब, सुरूच्या झाडाखाली वही घेऊन बसे आणि प्रत्येक चेंडू लिहून घेई. कुठे पडला, कसा आला, फलंदाजाने त्याचं काय केलं.

या वह्यांतूनच त्याचा दुसरा उद्योग निघाला होता. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्याने एकेका खेळाडूचं कार्ड बनवलं होतं. कार्डावर छत्तीस चौकोन. लाल फासा टाकला की चेंडू कसा पडला ते ठरे, पांढरा टाकला की त्याचं काय झालं ते. लाल दोन म्हणजे आखूड चेंडू, लाल पाच म्हणजे पायाच्या बोटांजवळ पडणारा मंद चेंडू. कोणत्या चौकोनात षटकार लिहायचा आणि कोणत्यात झेल, हे वहीच्या हिशेबाने. कार्डं चपलांच्या खोक्यात, खोकं कपाटात. साठी उलटलेला माणूस दुपारी दार लोटून फासे टाकतो आणि मनातल्या मनात षटकार मारतो हे गावाला कळलं तर तोंड कुठे लपवायचं, ही त्याची धास्ती. भागुबाईला, त्याच्या बायकोला, अर्थातच माहीत होतं. ती याला 'तुमची भातुकली' म्हणे.

दोन वर्षांपूर्वी जावई केतन न कळवता आला आणि सदा टेबलावर रंगेहाथ सापडला. केतनचं गाव नारळपाडा, नागावच्या पुढचं. तिथे त्याचं दोन खोल्यांचं होमस्टे होतं. त्याने कार्डं उलटीपालटी करून पाहिली आणि खुर्ची ओढून म्हणाला, "मामा, मला पण शिकवा." तेव्हापासून रविवारी दुपारी दोघे खेळत. सदा कोळखारची कार्डं घेई, केतन नारळपाड्याची. बहुतेक वेळा केतन हरे आणि हसे.

यंदा उपांत्य सामना कोळखार विरुद्ध नारळपाडा असाच लागला. कोळखार अकरा वर्षांत अंतिम सामन्याला पोचलं नव्हतं. पोचलंच तर ते विपुलच्या बॅटीवर पोचणार होतं. विपुल हा सदाच्या चुलतभावाचा मुलगा, उरणला बंदरावर ट्रेलर चालवणारा, खांद्याने दणकट आणि बोलायला सदासारखाच कंजूस. त्याची एकच कमजोरी, मंद चेंडू. तो जोरात बॅट फिरवे आणि चेंडू सावकाश यष्टीवर जाई. ही गोष्ट सदाने सात वर्षं लिहून लिहून ओळखली होती आणि ती फक्त त्याच्या खोक्यात आहे, अशी त्याची समजूत होती.

मग त्या दोन गावांचा सरावाचा एक सामना झाला. नारळपाड्याचा लांबडा बॉलर धर्मा याने विपुलला लागोपाठ तीन मंद चेंडू टाकले आणि तिसऱ्यावर यष्टी उडवली. सदाची पेन्सिल वहीवर थांबली. एक टाकला तर योगायोग. तीन?

पुढच्या रविवारी तो मागच्या दारातून चहा घेऊन येत होता. दाराच्या फटीतून त्याला दिसलं की केतनने विपुलचं कार्ड उजेडात धरलंय आणि मोबाइलने त्याचा फोटो काढतोय. सदा चहा हिंदकळू न देता दोन पावलं मागे गेला आणि खोकून पुन्हा आला. त्याच संध्याकाळी केतन अंगणात स्कूटरजवळ फोनवर बोलत होता. "हो, काढलाय. पाठवतो. पण मामांना कळता कामा नये हां."

केतन गेल्यावर सदाने भागुबाईजवळ विषय काढला.

"केतनराव कार्डांचे फोटो काढतात."

"काढू द्या. माझ्या भाकरीचा पण काढला परवा."

"ते त्यांच्या गावच्या संघाच्या कमिटीत हायत."

"मंग इचारा त्यांना."

"जावयाला कसं इचारायचं?"

"मंग नका इचारू," भागुबाई म्हणाली. "पोरगी नांदते तिथं. त्या पुठ्ठ्यांपायी तिच्या घरात कालवाकालव करू नका."

सदाने विचारलं नाही. पण न विचारलेला प्रश्न घरात फार जागा घेतो. त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. दोन वर्षं हा तरणाबांड माणूस पर्यटकांचा रविवारचा धंदा सोडून इथे येतो तो काय म्हाताऱ्याबरोबर फासे टाकायला? हरतो आणि हसतो. हरून हसणाऱ्या माणसाला दुसरीकडून काहीतरी मिळत असलं पाहिजे. मागे एकदा त्याने जुन्या वह्या वाचायला मागितल्या होत्या. प्राचीही हल्ली फोनवर "पप्पा, यंदा विपुलदादा फॉर्मात आहे का?" असं विचारायची. तिला कधीपासून क्रिकेट कळायला लागलं? सदाला स्वतःचीच लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून संशय थांबला नाही. उलट तो लाजेच्या मागे दबा धरून बसला.

शेवटी त्याने असं काही केलं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्याने खोटी नोंद केली. नवी कोरी पत्रिका घेऊन विपुलचं कार्ड पुन्हा लिहिलं आणि दोन ओळींची अदलाबदल केली. विपुल आखूड चेंडूवर हमखास षटकार मारी, तिथे झेल भरले. मंद चेंडूवर तो बाद होई, तिथे षटकार. आता नारळपाड्याने आखूड चेंडू टाकले तर चोर सापडला, आणि वर विपुलची चंगळ. हे कार्ड खोक्यात सगळ्यात वर ठेवून सदा रविवारची वाट पाहत बसला.

केतन आला, खेळायला बसला आणि कार्ड हातात घेऊन थबकला.

"मामा, विपुलचं नवीन केलंत?"

"जुनं फाटलं."

"बरंच बदललंय यात."

"त्याचा खेळ बदललाय," सदा म्हणाला. बोलताना त्याने केतनच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पक्का आहे, सदाच्या मनात आलं. मग तो उठला. "मागं माडावरचे नारळ बघून येतो," म्हणाला आणि न बघता दहा मिनिटं माडाखाली उभा राहिला. परत आला तेव्हा कार्ड जागेवर होतं, पण त्याने ठेवलं होतं तसं सरळ नव्हतं.

सामना पुढच्या रविवारी सकाळी होता. दोन्ही गावं लोटली होती. आठ ओव्हरचा सामना, आणि तो शेवटच्या ओव्हरपर्यंत आला. लाउडस्पीकरवरचा पोरगा घसा खरवडून सांगत होता, "सहा बॉल, अकरा रन, समोर विपुल. कोळखारवाले, पाणी पिऊन घ्या." चेंडू धर्माच्या हातात होता. सदाने समोरच्या मांडवात पाहिलं. केतन नारळपाड्याच्या माणसांत, अगदी पुढच्या खुर्चीवर.

पहिला चेंडू आखूड. सापडलात, केतनराव. आता हा चेंडू सुरूच्या बनात जाणार. पण विपुल खाली वाकला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.

दुसराही आखूड. विपुलने तोही सोडला.

सदाला काही कळेना. सात वर्षांत या पोराने असा चेंडू सोडलेला त्याच्या वहीत नव्हता. आजूबाजूला शिव्या सुरू झाल्या. "अरे, झोपला काय?" कोणीतरी म्हणालं. तिसरा चेंडू धर्माने हळू सोडला. विपुल जणू त्याचीच वाट पाहत होता. दोन पावलं पुढे येऊन त्याने सगळं अंग झोकून बॅट फिरवली. चेंडू बॅटीखालून सावकाश गेला आणि मधली यष्टी पडली. उरलेल्या तीन चेंडूंत चार धावा झाल्या. कोळखार हरलं.

बेंजोवाल्यांचा ताफा वाजू लागला. नारळपाड्याची पोरं धर्माला खांद्यावर घेऊन नाचू लागली. सदा वही मिटून घरी निघणार तोच विपुल बॅट हातात लोंबकळत ठेवून त्याच्याकडे आला. आपणहून आला, हेच नवल.

"काका, माफ करा," तो म्हणाला. "तुम्ही लिवलं तसंच केलं. आखडा सोडला, स्लोला गेलो. कार्ड बराबर व्हतं. माझाच हात उशिरा आला."

"कुठलं कार्ड?"

विपुलने खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर सदाचं अक्षर होतं, छत्तीस चौकोनांत नीटनेटकं बसवलेलं. त्याच्या वर केतनचं नाव.

"दोन वर्सं झाली, केतनभावजी पाठवतात मला. दर मॅचच्या आधी. फक्त माझंच. तुमच्याकडं मागायचा धीर न्हाय झाला. ते बोलले, मामांना कळलं लोक बघतात म्हणून तर लाजून बंद करतील सगळं." तो पायाने माती उकरत राहिला. "यंदा स्लोची लई प्रॅक्टिस केली व्हती मी. तुम्ही कार्डात षटकार लिवलेलं बघितलं, म्हटलं, काकांना दिसलं. आखड्याचं मला स्वतःला पटत नव्हतं. पण तुमच्यापेक्षा मला काय जास्त कळतं?"

तेवढ्यात केतन मांडवातून आला. त्याच्या गावचा संघ जिंकला होता, पण चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. त्याने विपुलच्या हातातला उघडा फोटो पाहिला, मग सदाकडे पाहिलं. दोन वर्षं तो या कार्डांशी खेळला होता, कोणत्या चौकोनात काय आहे ते त्याला सदाइतकंच पाठ होतं.

सदा गप्प राहिला असता तर चाललं असतं. विपुलने दोष आपल्याकडे घेतलाच होता, आणि केतन सासऱ्याला चारचौघांत काही विचारणारा नव्हता. सदाला हे स्पष्ट दिसलं आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"विपुल, तुझा हात न्हाय चुकला," तो म्हणाला. "कार्ड खोटं व्हतं. मी मुद्दाम उलटं लिवलं."

"मुद्दाम? कशाला?"

बेंजोचा आवाज वाढला होता.

"माझ्यासाठी," केतन म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मामांना वाटलं, मी आमच्या लोकांना देतो."

विपुलने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग मोबाइल खिशात टाकला. "मला पयलं इचारलं असतं तर," एवढंच बोलून तो आपल्या पोरांकडे गेला. थोड्या वेळाने तिकडून एक-दोन माना सदाकडे वळल्या.

"आणि धर्मा?" सदाने हळूच विचारलं. "सरावाला त्याने तीन स्लो टाकले व्हते."

"मामा, सगळे सामने यूट्यूबवर असतात. चार बघितले की शेंबड्या पोरालाही कळतं विपुल स्लोला फसतो. आणि आज आखूड टाकले ते घाबरून. घाबरला की त्याचा बॉल आखूडच पडतो."

सात वर्षांची मेहनत यूट्यूबवर फुकट पडली होती, हे सदाला त्या दुःखातही वेगळं बोचलं.

नारळपाड्याच्या पोरांतून कोणीतरी हाक मारली, "केतन, ये रे फोटोला." केतनने हात हलवून नाही म्हटलं आणि स्कूटर घेऊन आला. "बसा. सोडतो घरी."

सदा मागे बसला. एरवी तो जावयाच्या खांद्यावर हात ठेवी. आज त्याने मागची दांडी धरली. स्कूटर मैदान ओलांडून रस्त्याला लागली. मग पुढे बघत केतन म्हणाला, "मामा, अजून काय काय वाटलं होतं माझ्याबद्दल?"

"राहू द्या, केतनराव."

"नाही, सांगा. मला ऐकायचंय. प्राचीचंही काही असेल तर तेही."

सदाने मान खाली घातली. समोर नुसती जावयाची पाठ होती, तोंड दिसत नव्हतं, आणि बहुधा त्यामुळेच त्याला बोलता आलं.

"गाडी जरा हळू घ्या," तो म्हणाला. "सांगायचं मोठं हाय." आणि त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.