हंबीररावांच्या बेकरीतली भट्टी

“बाळासो, नाकानं बघ की! डोळ्याला काय कळतंय?”

हंबीररावांचा तो दणदणीत आवाज अजून माझ्या विटांत घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. कागलजवळच्या खेड्यात हंबीररावांनी स्वतः माती तुडवून मला बांधलं. बाभळीची लाकडं खात मी पाव, खारी, बटर भाजत आले. सकाळपाळीला निघालेले कामगार माझा ऊन ऊन पाव खिशात कोंबूनच सायकलवर टांग टाकत.

दिवाळी तोंडावर आली की दारात बायका जमत. पीठ घरचं, तूप घरचं. भाजणं तेवढं माझ्याकडे. नानकटाई पत्र्यावर मांडताना जी ती घरची खूण करी. कुणाची चारोळी, कुणाच्या बोटाचा ठसा. सरुबाईंची तर ओवीच सुरू होई:

भट्टीच्या गं तोंडी लाल निखारा फुलला
माहेराच्या वाटेवरी वास तुपाचा चालला

हंबीरराव गेले. त्यांचे चिरंजीव बाळासो माझ्या तोंडाशी डोळे मिटून उभे राहू लागले. तूप खरपूस झाल्याचा वास आला, की पत्रा बाहेर! पण गेल्या साली मोठ्या तापातून उठले, तेव्हापासून ते डोळे मिटेनातच. वाकून वाकून आत बघतात. माझ्या पोटातल्या अंधारात काय दिसणार?

यंदा सरुबाईंचा अख्खा पत्रा करपला.

“जावयाचा पयला दिवाळसण रं माझा, बाळासो! नानकटाई दिलीस का कोळसं?”

बायका फिदीफिदी हसल्या. बाळासो खाली मान घालून राख ओढत राहिले. दुसऱ्या दिवशी बायकांचे पिठा-तुपाचे सगळे डबे शेजारच्या गावच्या बेकरीत गेले.

मग बाळासोंचा मुलगा राजवर्धन गवंड्याला घेऊन आला. “आबा, हिचं वय झालं. आच सांभाळंना झालीया. पाडूया हिला, विजेची आणू.”

मित्रांनो, मातीची मी, मातीत जाईन. पण न केलेल्या चुकीचं खापर माथी घेऊन जायचं? तोंड एवढं मोठं, पण शब्द फुटत नाही. जुनी वस्तू बिघडली म्हणण्याआधी, ती हाताळणाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा. त्याला विचारा, तुझं काय दुखतंय?

इथं कुणीच विचारलं नाही. गवंड्यानं पहार उचलली.

बाळासो आडवे आले. त्यांचा तळवा माझ्या कोमट विटेवर टेकला.

“थांब, पोरा. तिचा दोष न्हाय. त्या तापापासनं मला वासच येत न्हाय. तूप न्हाय, धूर न्हाय... कायबी न्हाय.”