तीन रिपोर्ट ओके

पीयूसीचा कागद शोधायला वर्षालीने स्कूटरची डिकी उपसली, आणि रेनकोटच्या घडीखाली तिच्या हाताला तीन बाटल्या लागल्या. एआरटी केंद्रातून मिळतात त्या, तीस-तीस गोळ्यांच्या. तिन्हींची सीलं शाबूत. वर तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

एचआयव्हीच्या त्या गोळ्या तिच्या नवऱ्याच्या, गणराजच्या होत्या. रोज एक, जन्मभर. आणि हा पठ्ठ्या रोज 'घेतली का?' विचारलं की डोळ्याला डोळा भिडवून 'घेतली' म्हणत होता.

ती तशीच जिना चढून वर आली. दिघीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत गणराज सेफ्टी शूज चढवत बसला होता. तिने बाटल्या त्याच्यासमोर आपटल्या.

"हे काय आहे?"

गणराजने बाटल्यांकडे पाहिलं, मग बुटाच्या नाडीकडे. "अगं, सांगणारच होतो. लागत नाहीत आता मला. लागोपाठ तीन रिपोर्ट ओके आले ना. रक्तात विषाणू सापडतच नाही म्हणून लिहून दिलंय."

गणराज चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. तिथे एक रीत असते. एखाद्या पुरवठादाराचे लॉट लागोपाठ ओके आले की त्याचा माल दरवेळी तपासत बसत नाहीत, थेट लाइनवर सोडतात. बारा वर्षं लोखंडाच्या ब्रॅकेटला लावलेला हा नियम त्या शहाण्याने स्वतःच्या रक्ताला लावला होता! विचारायचं होतं कुणाला तरी. केंद्रातल्या शिपायाने सुद्धा अक्कल शिकवली असती.

लग्नाआधी याच माणसाने स्वतःहून तिला सगळं सांगितलं होतं, आणि त्या खरेपणावरच ती त्याला हो म्हणाली होती. डॉक्टरांकडे दोघं जोडीनं गेले होते. विषाणू रिपोर्टमध्ये दिसत नाही आणि गोळी एक दिवस चुकत नाही, तोवर बायकोला लागण होत नाही, मूलही होऊ द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहा महिन्यांपासून ते मुलाची वाट पाहत होते.

"परवा गुरुवारी," ती म्हणाली, "सुट्टीला दुपारी आपण एकत्र होतो. तेव्हाही तुला माहीत होतं." लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती.

"पण रक्तात नाहीच म्हटल्यावर..."

"रक्तात नाही! अरे, तो रक्तात फिरत बसतो का? तुझ्या देखत सांगितलं होतं डॉक्टरांनी. पेशीत शिरतो, स्वतःची नक्कल डीएनएच्या भाषेत उतरवतो, पेशीचा डीएनए कापतो आणि मध्ये स्वतःला चिकटवून टाकतो. मग ती पेशी वर्षानुवर्षं झोपून राहील, आणि उठली की त्याचेच विषाणू बनवेल. मी दिवसभर मशीनचे प्रोग्रॅम लिहिते. मूळ प्रोग्रॅममध्येच कुणी चार ओळी घुसवल्या, तर मशीनवर खराब निघालेला जॉब भंगारात टाकून त्या ओळी जातात का?"

"मग गोळी काय करते?"

"त्या ओळी नाही पुसत! नव्या पेशीत घुसू देत नाही, बास. ती बंद केलीस की त्याला मोकळं रान."

गणराज जमिनीकडे बघत म्हणाला, "ती बाटली बघितली की रोज सकाळी आजारी वाटायचं मला. वाटलं, बाप व्हायच्या आधी एकदा बरं होऊन बघावं."

क्षणभर तिला त्याची कीव आली. मग त्या कीवेचाच राग आला. बरं व्हायची हौस याची, आणि जीव तिचा.

तिने बोटं मोजली. गुरुवार दुपार ते शनिवार सकाळ. लागण रोखायची गोळी बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. बहात्तर तास व्हायला अजून अवकाश होता, पण उद्या रविवार, केंद्रात कोण भेटणार? तिने सुपरवायझरला रजा कळवली आणि गणराजला म्हणाली, "गाडी काढ."

भोसरीच्या पुलाखाली नेहमीसारखी कोंडी होती. मागे बसून तिने त्याच्या खांद्याला हातही लावला नाही.

केंद्रातल्या समुपदेशक मिनलताईंनी आधी गणराजचं रक्त पाठवलं, मग वर्षालीचं. तिची तपासणी तासाभरात आली. निगेटिव्ह.

"सुटलो!" गणराज म्हणाला.

"कोण सुटलं?" मिनलताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "वर्षाली, हा आजचा रिपोर्ट. गेल्या काही आठवड्यांतली लागण यात दिसेलच असं नाही. दीड महिन्यानं परत, तीन महिन्यांनी परत. गुरुवारचं जे आत गेलं असेल, ते डीएनएमध्ये चिकटायच्या आत गोळी पोचली पाहिजे. डॉक्टरांनी लिहून दिलीये. अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही."

"आणि गुरुवारच्या आधीचं?"

"त्याला ही गोळी काही करू शकत नाही."

म्हणजे तीन महिन्यांतलं जे काही आत चिकटलं असेल, ते चिकटलंच. वर्षालीला ओरडावंसं वाटलं. ती टेबलाची कड धरून बसून राहिली.

मिनलताईंनी फॉर्म पुढे ओढला. "काही प्रश्न विचारावे लागतात. तुम्ही जरा बाहेर बसा," त्या गणराजला म्हणाल्या.

"नको," वर्षाली म्हणाली. "ऐकू देत त्यांना."

"संबंध तुझ्या संमतीनं होता?"

वर्षाली नवऱ्याकडे वळली. "गोळ्या घेणाऱ्या माणसाला माझी संमती होती. याला नव्हती. असं लिहायला रकाना आहे तुमच्याकडे?"

मिनलताईंनी फॉर्म उलटून पाहिला. नव्हता.

"मग समासात लिहा."

त्या लिहीपर्यंत गणराज भिंतीला टेकून उभा होता. वर्षालीने ग्लासभर पाण्याबरोबर पहिली गोळी गिळली, लिहिलेलं एकदा वाचलं आणि खाली सही केली.