स्वतः वाचले

शनिवारी सकाळी दहा चाळीसला, बदलापूर पूर्वेला शिरगावातल्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात वैष्णवी मोठ्याने वाचता वाचता थांबली. शालन मॅडम वह्या तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पुढे."

वैष्णवीने पुढे वाचलं. पाणी मागायला आलेली गावकुसाबाहेरची म्हातारी, वरून पाणी ओतणारी पाटलीण, "लांबून गं म्हातारे, लांबून!" आणि कलंडलेलं मडकं. गोष्ट विनोदी म्हणून लिहिलेली होती. वर्ग हसला. ती पुन्हा थांबली. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "पुढे." तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि खाली बसली.

पुस्तक मॅडमनीच तिला निवडून दिलं होतं. वर्गात तिच्याइतकं स्वच्छ कुणी वाचत नाही.

शाळेच्या शिफारस यादीत तीस पुस्तकं आहेत. प्रत्येकासमोर "स्वतः वाचले" असा रकाना आणि त्यात शालन मॅडमची सही. वाचली होती एकवीस. उरलेल्यांच्या वेळी शेजारच्या वर्गाच्या श्रद्धा मॅडम म्हणाल्या होत्या, "अगं, मागचं कव्हर वाच नि ठोक सही. पोरांची पुस्तकं ती, त्यात काय बॉम्ब असणारे?"

सोमवारी सव्वाबाराला वैष्णवीची आई प्रीती आल्या. अंबरनाथला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतात. हाफ डे टाकून आल्या होत्या. आवाज चढवला नाही.

"मॅडम, मधल्या सुट्टीत पोरं हिला 'लांबून गं, लांबून' करतायत. त्यांना कळत नाही, मजा वाटते. हिला कळतं. आम्ही बौद्ध आहोत, आजीने सगळं सांगितलंय तिला." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही हे पुस्तक वाचलं होतं?"

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं: नव्हतं वाचलं. शालन मॅडम म्हणाल्या, "हो, वाचलंय ना. मुलांना जुना काळही कळायला हवा, म्हणून..."

प्रीती म्हणाल्या, "मला वाटलेलं, न वाचता दिलं असेल. घरी तसंच सांगून निघाले. म्हणजे वाचून, आमच्याच पोरीला निवडून दिलंत."

त्या गेल्यावर शालन मॅडमनी ती गोष्ट पहिल्यांदा वाचली. सहा मिनिटं लागली.

मंगळवारी मुख्याध्यापक चिंतामणी सर म्हणाले, "पुस्तक कपाटातून काढा, यादीतून खोडा. विषय वाढवू नका." पुस्तक निघालं. वाचायची पाळी आली की वैष्णवी आता "घसा बसलाय" म्हणते. बसलेला नाही, हे मॅडमना ठाऊक आहे. त्या "बरं" म्हणतात आणि पुढच्या बाकाकडे वळतात.

गुरुवारी संध्याकाळी सहाला त्या वैष्णवीच्या घरी गेल्या. दार तिच्या वडिलांनी, धम्मदीप यांनी उघडलं. प्रीती अजून कामावरून यायच्या होत्या. चप्पल काढायच्या आधीच मॅडमनी सांगून टाकलं, "मी पुस्तक वाचलं नव्हतं. तुमच्या मिसेसशी खोटं बोलले."

"मला सांगून काय होणार, मॅडम?" धम्मदीप यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "वैष्णवी, मॅडम आल्यात गं."

"अभ्यास करतेय, पप्पा."

ती आली नाही. त्यांनीही पुन्हा बोलावलं नाही. "शनिवारी वर्गात सांगा. पोरं हसली ती सगळ्यांसमोर ना? मग हेपण सगळ्यांसमोर. तिला कळू दे, ती कोण ते बघून पुस्तक दिलं नव्हतं."

"सांगते," म्हणून शालन मॅडम जिना उतरल्या.

शुक्रवारी वर्गात दोनदा वैष्णवीशी नजरानजर झाली. दोन्ही वेळा मॅडमनीच नजर वळवली. चाळीस मुलांसमोर बोलायचं. त्यातलं एक घरी सांगणार. मग बाकीच्या सह्यांची चौकशी. हा विचार त्यांनी अख्खा तास केला आणि आपण अजून आपलाच विचार करतोय, याची लाज वाटून पुन्हा तोच केला.

दुपारी स्टाफरूममध्ये त्यांनी शनिवारच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारण: प्रकृती बरी नाही. शाळा सुटेपर्यंत तो दिलेला नव्हता.