कोठीतली पावलं

माणूस गेला की आमच्याकडच्या गावांत जमिनीवर पीठ पसरून वर पाटी झाकतात आणि उठलेल्या ठशावरून तो कुठल्या जन्माला गेला ते ठरवतात. आम्हा ख्रिस्ती लोकांत ही रीत नाही. माझी बायको कृपाबाई गेली तेव्हा मी पीठ पसरलं नाही. शिरूरच्या मिशन शाळेचा मास्तर मी, लोक काय म्हणतील? मग सहा वर्षं दुसऱ्यांच्या घरी पसरत हिंडलो. कुठं भूत आहे म्हटलं की काढलीच सायकल. दरवेळी उंदीर नाहीतर घूस निघायची. मास्तर भुताखेतांना मानत नाहीत, असं लोक कौतुकानं सांगत. डोंबल! एक तरी पाऊल सापडावं म्हणून माझा जीव तुटत होता.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात केंदूरच्या सोपानरावांनी बोलावलं. त्यांच्या धान्याच्या खोलीत भर दुपारी कुणीतरी चालायचं. वारलेली थोरली सून, असं घरचे म्हणत.

"पाऊल उठलं तर थोरलीला ही नको हाय, असंच समजायचं. आजच घालवतो हिला," तिच्या जागी करून आणलेल्या धाकट्या सुनेकडं बोट दाखवत सोपानराव म्हणाले.

नकुशी तिचं नाव. पाण्याचा तांब्या देताना ती हळूच म्हणाली, "मला माहेर न्हाई वो, मास्तर. कुठं जाऊ?"

खोलीला खिडकी नव्हती. बिळं बुजवली, ज्वारीचं पीठ पसरलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ टेकून बसलो. सगळे समोर अंगणात होते.

तासाभरानं आत पाऊल वाजलं. मग दुसरं. सावकाश चालत ते दारापर्यंत आलं आणि माझ्या पाठीशी थांबलं. अंगावर सर्रकन काटा आला. उठून कडी काढली.

"कुणी येऊ नका," म्हणालो आणि एकटा आत शिरलो.

पावलं पलीकडच्या भिंतीपासून निघून दाराशी थांबली होती. डाव्या पायाला करंगळी नव्हती. कृपाबाईची करंगळी विळ्यानं तुटली होती, पट्टी मीच बांधली होती.

"उठलंय का पाऊल?" सोपानराव ओसरी चढत होते. त्यांना बोटं मोजायची नव्हती, कुणाचंही पाऊल पुरलं असतं.

पाय फरफटवत मी सगळं पीठ विस्कटून टाकलं.

"घूस आहे," म्हणालो, "चांगली मोठी."

नकुशी उंबऱ्याबाहेर मटकन बसली आणि रडायला लागली.

आता रोज दुपारी माझ्याच घरात पीठ पसरतो, दाराला पाठ टेकून बसतो. काही वाजत नाही. फार भीती वाटते. मी पायानं पुसत होतो तेव्हा ती तिथंच उभी असेल.