कॉलरमधलं नाव

"नावाची पट्टी कॉलरच्या आतून लावा, आई. आणि तुमच्या कोटालाही," म्हणत सुनेने तिन्ही कोट टेलरबाईंच्या पुढ्यात ठेवले.

शहर रिकामं करायचा हुकूम आला होता. मुलगा आधीच आघाडीवर. बाकीच्यांसाठी गाड्या सकाळी सुटणार होत्या. समोरच्या घराची दारं सताड उघडी होती. आत रेडिओ बोलत होता, ऐकायला कुणीच नव्हतं.

टेलरबाईंनी आधी नातींचे कोट हातावेगळे केले. दोघी ते घालून आरशापुढे मिरवल्या. मग धाकटी मान खाजवत म्हणाली, "ताई, माझा टोचतोय गं. बदलूया?"

टेलरबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. अगदी हेच शब्द. मागच्या युद्धात, ट्रकमध्ये चढताना, त्यांनीच आपल्या ताईला म्हटले होते. ताईने हसत कोट बदलला. संध्याकाळी ट्रक पुलावर असताना बॉम्ब पडला. कॉलरमधल्या पट्टीवरून ताईला त्यांच्या नावाने पुरलं आणि त्या ताईच्या नावाने अनाथाश्रमात गेल्या. "मी ती नाही," असं त्या सांगत राहिल्या. "घाबरलंय बिचारं," म्हणत तिथल्या बाईंनी डोक्यावरून हात फिरवला. हजेरीला ओ दिली तरच जेवण मिळे. भुकेने जीव कासावीस झाला, तेव्हा त्यांनी ओ दिली. आणि मागून, अगदी कानाशी, आणखी कुणीतरी ओ दिली.

पुढे लग्नात, दवाखान्यात, जिथे जिथे ताईचं नाव पुकारलं गेलं, तिथे मागून ती ओ येतच राहिली. गिऱ्हाइकांनी टेलरबाई हे नाव पाडलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं.

"काढा ते कोट," त्या म्हणाल्या. आवाज असा निघाला की दोघी मुकाट्याने बाह्या सोडवू लागल्या.

धाकटीच्या कॉलरला त्यांनी मऊ अस्तर लावलं. मग दोघींना जवळ बसवलं. "कोट अदलाबदल करायचे नाहीत. आणि कुणी भलत्याच नावाने हाक मारली, तर ओ द्यायची नाही."

"जेवायला नाही दिलं तर?" धाकटीने विचारलं.

टेलरबाईंनी तिला पोटाशी धरलं.

सकाळी निघताना सुनेने खुंटीवरचा तिसरा कोट काढला, कॉलर पाहिली आणि थबकली. "आई, हे कुणाचं नाव लावलंय तुमच्या कोटाला?"

ताईबरोबर पुरलेलं ते नाव धाकटीने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं.

"ओ," टेलरबाई म्हणाल्या आणि कोटासाठी हात पुढे केला. बटणं लावता लावता त्या थांबल्या, त्यांनी कानोसा घेतला. मागून कुणीच ओ दिली नाही.