बाणाला बाण

टिकाराम ड्रायव्हरची जीप अकरा वर्षांत एकदाही गॅरेजात गेली नव्हती, आणि ही गोष्ट त्याने ज्याला ऐकवली नाही असा माणूस पवनीत सापडणं कठीण होतं. जीप तशी त्याची नव्हती, राईस मिलच्या केशवरावांची होती. लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांनी ओढणारी. पण केशवराव नुसते मालक. तिचं तेलपाणी, दुखणंखुपणं सगळं टिकारामच्या अंगणातल्या आंब्याखाली व्हायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्याच जीपला हुडहुडी भरली. चाळीसपर्यंत शहाण्यासारखी चालायची. काटा पुढे सरकला की खालून अशी थरथर सुटायची की मालकाच्या तोंडातलं पान हलायचं. टिकारामने चाकं अदलाबदल केली, नटबोल्ट आवळले, इंजिनाखालचे रबर बदलले. फरक शून्य. नागपूरहून आलेल्या एका मिस्त्र्याने एकच चक्कर मारली आणि गिअरबॉक्स गेला म्हणून सांगून टाकलं.

केशवरावांनी निकाल लावला. "शनवारी गोंदियाचा माणूस येऊन राह्यला. देऊन टाकू जीप. तुह्यानं आता होत नाई, टिकाराम. तू गोदामावर बस."

गोदामावर! टिकाराम त्या रात्री घरी येऊन जेवला नाही.

"त्या मिस्त्र्यानं म्हटलं न तुमी मानलं?" त्याची बायको रुखमिणी कडाडली. "तुमचं ध्यान रस्त्यावर रायते. मले संगं न्या. मी पायीन."

रुखमिणीने मिलमध्ये सात वर्षं चाळणीवर काढली होती. दाणे कसे नाचतात यावरून चाळणीचा कोणता बोल्ट ढिला आहे ते ती सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परातीत मूठभर तांदूळ टाकून, परात मांडीजवळच्या पत्र्यावर ठेवून मागे बसली. जीप भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. काटा पंचेचाळीसवर आला आणि तांदूळ नाचायला लागले.

टिकारामने गिअर काढला. इंजिन शांत झालं, जीप नुसती घरंगळत राहिली.

"नाचूनच राह्यले!" रुखमिणी ओरडली.

म्हणजे इंजिन निर्दोष. उरला गिअरबॉक्स, नाहीतर त्याच्यापुढचं काही. टिकाराम रस्त्याच्या कडेला थांबला आणि जीपखाली शिरला. गिअरबॉक्सचा फेर मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी शाफ्ट त्याने बोल्ट काढून अख्खा बाहेर ओढला आणि रुखमिणीच्या पायाशी ठेवला.

"अवो, आता गाडी चालन कशी?"

"पुढच्या चाकाईवर. फोर-व्हील कायले म्हणते मंग?"

त्याने फोर-व्हीलचा दांडा ओढला आणि जीप पुढच्या दोन चाकांवर निघाली. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. गिअरबॉक्स तोच, वेग तोच.

"दाने झोपले!"

टिकाराम मोठ्याने हसला. गिअरबॉक्स धडधाकट होता! नागपूरचा मिस्त्री तोंडघशी पडला, आणि हे पाहायला रस्त्यावर एक सायकलवालाही नव्हता, याचीच तेवढी त्याला हळहळ वाटली.

आंब्याखाली त्याने शाफ्टवरचा काळा ऑइलपेंट खरवडला, आणि त्याचं हसू मावळलं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एक दुसऱ्यात सरकणारा. दोन्हींवर एकेक बाण कोरलेला असतो, आणि जोडताना बाणासमोर बाण आला पाहिजे, नाहीतर वेगात शाफ्ट थरथरतो. इथे एक बाण वर पाहत होता, दुसरा बाजूला.

दसऱ्याला सगळे वरून गाडी धुतात. टिकारामने हौसेने खाली शिरून शाफ्टसुद्धा रंगवला होता. बाण रंगाखाली गेले. दिवाळीत शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, बदलताना त्याने तो सोडवला आणि अंदाजाने जोडला. हात बसलेला होता ना! गेले तीन आठवडे त्याने सगळी जीप तपासली होती, आपल्या हातचं काम सोडून.

त्याने बाणाला बाण लावला. जीप साठवरही बोटभर थरथरली नाही.

शनिवारी गोंदियाचा माणूस आला. केशवराव जीप एकदा फिरवून आले ते खुशीतच. "गिअरबॉक्स खोलला का रे?"

हो म्हणाला असता तर नाव राहिलं असतं. मिलचे हमाल भोवती उभे होते, रुखमिणी चाळणीपाशी थांबली होती. टिकारामचे कान तापले.

"गिअरबॉक्स चांगलाच होता, मालक. चूक माही होती. दसऱ्याले मीच बाण रंगोले, न शाफ्ट वाकडा जोडला."

आणि तांदळासकट सगळं त्याने सांगितलं. हमाल हसले. केशवराव हसले नाहीत. ते गोंदियाच्या पाहुण्याकडे वळले.

"मूठभर तांदळानं गाडीचा रोग धरनारा माणूस गोंदियात हाये का तुमच्यापाशी?"

"नाई बा."

"मंग जीप नेऊन काय कराल? चहा घ्या."

पुढच्या दसऱ्याला टिकारामने शाफ्ट पुन्हा रंगवला, फक्त बाणांपाशी वीतभर जागा कोरी ठेवली. रुखमिणीने कुंकवाची वाटी दिली, आणि त्याने उताणं पडून दोन्ही बाणांना कुंकू लावलं. गावाला ऐकवायला त्याच्याकडे आता नवी गोष्ट होती, आणि ती तो जुनीपेक्षाही ताठ मानेने सांगायचा: "जीप माह्याच हातानं बिघडली होती, बापा. न माह्याच हातानं सुदरली."