अप्सरेचं बूड

हेमचंद्रांनी कुणाच्या तरी घरातलं जुनं सामान विकायला काढलेल्या इस्टेट सेलमधून फोन केला, "वसुधा, कमोड घेतलाय! इटालियन! सव्वादोनशे वर्षं जुना!"

"घरात तीन आहेत की," सिंकवर भांडी विसळत वसुधाकाकू म्हणाल्या. "आणि कुणी वापरलेला कशाला आणायचा?"

पिस्कॅटवे गावातल्या त्यांच्या घरात तो उतरला तेव्हा कळलं, की जुन्या फर्निचरवाल्यांचा कमोड म्हणजे हे निमुळत्या पायांचं, खणाखणांचं बुटकं कपाट आहे. अंगभर लाकडाच्या कागदासारख्या पातळ कापांचं जडावकाम. समोर कलश आणि फुलांच्या माळा, वरच्या फळीवर मधोमध पाठमोरी पहुडलेली अप्सरा. कपड्यांची तिला फारशी आवड दिसत नव्हती. हेमचंद्र हाडांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. येईल त्या पाहुण्याला ते हाताला धरून तिच्यापुढे उभं करत. "रंग नाहीये हं कुठेच. सावलीसुद्धा लाकडाचीच!" पाहुणे "वॉव" म्हणत आणि छताकडे बघत.

तिथल्या मराठी मंडळाचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, त्यांच्या घरी होतं त्या दिवशी ओट्यावर तसूभर जागा नव्हती. वसुधाकाकूंनी मसालेभाताचा तापलेला कुकर नेला आणि टेकवला अप्सरेवर. पाचच मिनिटं. उचलला, तर अप्सरेचं बूड कुकरच्या बुडाला चिकटून आलेलं. ओढायला गेल्या, तर त्याचा चुरा झाला.

काकू भूलतज्ज्ञ होत्या. ऑपरेशन टेबलावर पेशंटची नाडी बुडाली तरी त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. आज मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गुपचूप त्या जागेवर मनीप्लांट ठेवला.

तिसऱ्या दिवशी हेमचंद्रांनी मनीप्लांट उचलला. ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "स्वतःसाठी म्हणून घेतलेली ही माझी पहिलीच वस्तू होती, वसू."

त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं काकूंना झालं.

त्यांनी रुहीला बोलावलं. रुही त्यांच्या मैत्रिणीची, पद्मिनीची मुलगी. मेडिकल सोडून जुनं फर्निचर दुरुस्त करायची. पद्मिनी चारचौघांत "रुही रिस्टोरेशनमध्ये आहे" एवढंच सांगे, आणि लोक टकलावर केस उगवण्याबद्दल विचारत.

"ओ माय गॉड, काकू," रुही वाकून म्हणाली, "यू कुक्ड हर बट!"

मग तिने समजावलं, की हे काप सरसाने चिकटवलेले असतात आणि गरम वाफेने सरस सुटतो.

"सरस कशाचा गं?"

"कातड्याचा. काऊ, मोस्टली."

काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि मी त्यावर मसालेभात ठेवला!"

"तबल्याला पण कातडंच असतं ना, काकू?"

काकूंनी कपाळावरचा हात काढला.

रुहीने मेपलच्या फिकट लाकडाचा नवा काप बरोब्बर त्या आकारात कापला आणि हॉटप्लेटवर पातेल्यात वाळू तापवली. गोलाई दिसायची तर कापाची कड तापल्या वाळूत धरून हलकी करपवायची, तीच सावली.

"अगं, हे तर फुटाणे भाजणं झालं!" काकू म्हणाल्या.

"मी करतो. मी सर्जन आहे," हेमचंद्र पुढे झाले. त्यांनी दोन काप कोळसा केले.

"डॉक्टर, बाजूला व्हा," काकू ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात म्हणाल्या. ते झाले. काकूंनी काप वाळूत तिरपा धरला, वास घेतला, श्वास मोजले आणि काप बाहेर काढला. कडेला गडद तपकिरी, आत येता येता फिकट होत गेलेली सावली.

"मला हे जमायला पन्नास पीसेस वेस्ट झाले होते," रुही पुटपुटली.

तुकडा बसवला, दाबला, घासला. हेमचंद्रांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"जरा थोराड वाटतं नाही, पहिल्यापेक्षा?"

"सव्वादोनशे वर्षांत बाईचं एवढंही सुटायचं नाही का?" काकू म्हणाल्या.

हेमचंद्र आधी नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

संध्याकाळी काकूंनी पद्मिनीला फोन लावला. "तुझ्या मुलीचा हात बघायला ये एकदा. आणि लोकांना नीट सांगत जा ती काय करते ते."

"पण त्यात पुढे काय आहे, वसुधा?"

"पुढचं माहीत नाही. या मंगळवारपासून मी तिच्याकडे शिकायला जातेय."

पलीकडे कागद-पेन शोधल्याची खुडबूड झाली. मग पद्मिनीने विचारलं, "किती वाजता?"